स्वतंत्र अभ्यासाची आईने करावयाची तयारी

विद्यार्थ्याने स्वतंत्र विचार करावा, ही गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती विद्यार्थ्यावर सोपवता येत नाही. कर्जतच्या आमच्या शाळेने नववीला दीर्घ प्रबंध लावला (प्रश्न स्वतःचा, शोध स्वतःचा, शेवटी पालकांसमोर तोंडी परीक्षा), तेव्हा आम्ही आयांनी त्याच संध्याकाळी नियोजन समिती स्थापन केली. मुलांना क्लास होता, त्यामुळे ती बैठकीला नव्हती.

माझ्या ईशानीला एक प्रश्न पडला होता. पेज नदीला वीजघरातून सोडलेलं पाणी भर मे महिन्यात वाहतं, मग काठावरच्या वाडीत टँकर का येतो? समितीने प्रश्न सहानुभूतीने ऐकला व फेटाळला. समितीचा नियम साधा आहे: ज्याचं उत्तर आधीच उपलब्ध आहे, तोच प्रश्न चांगला. त्यानुसार ईशानीला ‘जीवनातील पाण्याचे महत्त्व : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय सुचला.

“आई, महत्त्व सगळ्यांना माहितीये गं,” ती म्हणाली.

“म्हणूनच तर. चुकायचा चान्स नाही.”

कामाची वाटणी अशी झाली. संदर्भ शोधणे व मसुदा, आई. चित्रे, खोपोलीची आत्या (तिचा हात चांगला आहे). संदर्भसूची, बाबा. स्वतंत्र विचार, ईशानी, वेळ उरल्यास.

प्रत्यक्ष मुलाखत सक्तीची असल्यामुळे आम्ही पोशीरला, भातशेती करणाऱ्या गोदाबाईंकडे गेलो. प्रश्न मी वाचून दाखवले. उत्तरं घरूनच टाइप करून नेली होती, तीही वाचून दाखवली.

“तुमीच इचारताय, तुमीच सांगताय,” गोदाबाई म्हणाल्या. “मी निस्ती मान हलवू का?”

“हो, फोटोपुरती.”

“आनि ही पोर कशाला आनली?”

(पोर फोटो काढत होती.)

याच काळात ईशानी दर रविवारी मैत्रिणीकडे, तय्यबाकडे जायला लागली. तय्यबाची आई फराह समितीवर नाही; लेकीचा प्रबंध लेक बघेल, असं तिचं म्हणणं. मला फराहची काळजी वाटायची. दोघी मुली चिखलाचे पाय घेऊन परत यायच्या. मी त्याकडे व्यायाम म्हणून पाहिलं.

तोंडी परीक्षेला अजेय सरांनी आधी तय्यबाला बोलावलं. तिचा विषय: नदी वाहते, मग टँकर का? तिने वाडीतल्या बायकांना विचारलं होतं, टँकरवाल्याला विचारलं होतं, कचेरीत जाऊन विचारलं होतं. पूर्ण उत्तर कुठेच मिळालं नव्हतं, आणि तसं तिने सरळ सांगूनही टाकलं.

“हा प्रश्न कसा सुचला?” सरांनी विचारलं.

“माझा नाही सर, ईशानीचा आहे. तिच्याकडे वापरात नव्हता, म्हणून दिला तिने. विचारायला आम्ही दोघी जायचो.”

सर ईशानीकडे वळले. “मग तूच का नाही घेतलास गं?”

ईशानीने तोंड उघडलं. मी उत्तर दिलं. (सवयीने. उत्तर चांगलं होतं.)

“ताई, तुम्ही बसा,” सर म्हणाले.

मी बसले. ईशानीही बसली; तिला वाटलं, आपलं झालं.

आमच्या प्रबंधाला ‘अ’ श्रेणी मिळाली. तय्यबाला ‘ब’ (उत्तराअभावी). ईशानी हल्ली घरात मला काहीच विचारत नाही, त्यामुळे दहावीच्या तयारीला हवी ती शांतता लाभली आहे.

प्रबंधाची फाईल समितीने जपून ठेवली आहे. तुमच्याही घरचं कुणी नववीत जाणार असेल, तर इथवर वाचताना ती कुणाकडे मिळेल, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल.

चांगला प्रश्न आहे. उत्तर उपलब्ध आहे.