जहाज वर नेणारे मोरेसाहेब

मोरेसाहेबांना जेवायला बोलावलं की ते आधी बादली मागतात. बादली, वजनाचा काटा आणि एक पातेलं. काठोकाठ भरलेली बादली काट्यावर ठेवून ते आकडा मोठ्याने वाचतात. मग पातेलं हलकेच पाण्यावर सोडतात. थोडं पाणी बाहेर सांडतं, ते फडक्याने टिपून घेतात. काट्यावर आकडा तोच. मग चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणतात, "वजनाचा प्रश्नच येत नाही."

कुवेतच्या सालमिया भागातल्या निम्म्या मराठी घरांच्या फरशा त्यांनी अशा भिजवल्या आहेत. माझी मुलगी त्यांना 'बकेट अंकल' म्हणते. बायको ते यायचे असले की काटा कपाटात ठेवते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर कुणी वजनाचा विषय काढलेला तिला चालत नाही.

हे सगळं जहाजांच्या लिफ्टसाठी. मोठ्या नदीवर धरण झालं की जहाजांची वाट अडते. मग काही ठिकाणी धरणाशेजारी एक प्रचंड हौद बांधतात. जहाज त्यात शिरतं, दार लागतं आणि हौद पाण्यासकट, जहाजासकट दोरखंडांनी वर उचलला जातो. तरंगणारं जहाज स्वतःच्या वजनाइतकं पाणी हौदाबाहेर ढकलतं, म्हणून जहाज आत असो वा नसो, हौदाचं वजन तेवढंच राहतं. मी हिशेबतपासनीस आहे, मला यातलं काही कळायचं कारण नाही. पण सहा वर्षं मी मोरेसाहेबांना रोज माझ्या गाडीतून शर्क भागातल्या ऑफिसात नेतो, तेव्हा हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

स्वतः मोरेसाहेबांनी अशी लिफ्ट कधी बांधली नाही. ते तेलशुद्धीकरणाच्या पाइपांचे आराखडे काढतात. कुवेतमध्ये एकही नदी नाही. पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून येतं. तरी त्यांच्या प्रत्येक प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड जहाजाच्या लिफ्टची. ती आली की आमचा इजिप्शियन मॅनेजर डोळे मिटून म्हणतो, "खलास, मिस्टर मोरे." मोरेसाहेब म्हणतात, "दोन मिनिटं, सर."

यंदाच्या जुलैत मी पार थकलो होतो. सकाळी सातलाच तापलेल्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता, ऑफिसात माणसं कमी केली होती आणि उरलेल्यांवर सगळं काम. एका सकाळी मोरेसाहेब सीटबेल्ट लावता लावता म्हणाले, "साठे, काल मी दोरखंडांचा विचार करत होतो."

"मोरेसाहेब, आज नको," मी म्हटलं. "खरं तर रोजच नको."

ते "बरं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पहिले दोन दिवस शांतता फार बरी वाटली. तिसऱ्या दिवसापासून मी रेडिओ लावू लागलो. ते वेळेवर खाली यायचे, नमस्कार करायचे, उतरताना "थँक्यू" म्हणायचे. असे तीन आठवडे गेले. मग एक दिवस मॅनेजरकडूनच कळलं की मोरेंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढवणार नाहीत. महिनाभरात परत जायचं. मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सांगायला जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळी परतताना समुद्राकाठच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. मी रेडिओ बंद केला.

"मोरेसाहेब, एक विचारू? हे लिफ्टचं खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

सहा वर्षांत मी हे विचारलं नव्हतं.

"वडील नाव चालवायचे," ते म्हणाले. "भीमेवर. या काठचे उतारू त्या काठाला. एकदा नाव डागडुजीला खालच्या गावी सुताराकडे नेली. त्याचं काम लांबलं, तोवर मधे धरणाची भिंत पुरी झाली. नाव खाली, आम्ही वर."

"मग?"

"मग काय, बैलगाडीवर घालून आणली. सगळा घाट चढून. वडील नावेला हात लावून चालत होते, आजारी जनावराला नेतात तसे. वर आली तोवर तळाच्या फळ्या उकलल्या होत्या. पुन्हा पाण्यात गेलीच नाही. आई तिच्यात गोवऱ्या ठेवायची."

पुढची गाडी हलली. मी जरा पुढे घेतली.

"इंजिनिअरिंगला असताना लायब्ररीत या लिफ्टचं चित्र सापडलं. पुस्तक घेऊन सुट्टीत घरी गेलो. वडिलांना सगळं समजावून सांगितलं. हौद, दारं, दोरखंड. त्यांनी खूप वेळ चित्र बघितलं. मला वाटलं, विचारतील, आपली नाव मावली असती का. पण त्यांनी विचारलं, 'खाली कुणी थांबलंय, हे वरच्याला कळतं कसं?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, फोन असतो. ते म्हणाले, 'मग चांगलंय.' आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. पुढच्या सुट्टीला मी गेलो तेव्हा ते नव्हते. मग ज्याला त्याला सांगत सुटलो. तुम्हालाही फार पिडलं."

घरापाशी पोचलो तेव्हा ते नेहमीसारखं "थँक्यू" म्हणून उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत बसले. पहिल्या सिग्नलला मी म्हटलं, "त्या दारांचं मला कधी नीट समजलं नाही. आधी हौदाचं दार लागतं की बाहेरच्या कालव्याचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साठे, तुम्ही दमलेले असता. राहू द्या."

"शर्क यायला अर्धा तास आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि पुन्हा लावला.

"एकूण चार दारं धरा," ते म्हणाले. "घाई नाही ना?"