पाऊण कलिंगड

टॅबलेटवर धडा ऐकून मुलं अपूर्णांक जास्त चांगले शिकतात का, ते एकदा शाळेत जाऊन तपासावं, असं प्राध्यापकांनी निवृत्तीनंतर सहज ठरवलं. ठरवलं त्यांनी, पुढचं सगळं आपोआप अंगावर आलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं, "सर, एक तास देते. मुलांना समजलं तर वर्षभर संशोधन करा. नाही समजलं, तर टॅबलेट उचला."

प्राध्यापकांची झोप उडाली. (तशी ती आधीही फारशी टिकत नसेच.)

धडा घरीच रेकॉर्ड केला. हॉर्नमुळे वाक्य चुकू नये म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या आणि वर कानांवर भलेमोठे हेडफोन चढवले. स्वयंपाकघराचं दार तेवढं उघडं राहिलं. उदाहरणाला दुसरं काही सुचेना. नुकतंच खाल्लेलं कलिंगड डोळ्यांपुढे होतं, तेच घेतलं. प्रश्नानंतर मुलांना विचार करायला वेळ द्यावा, हा तर त्यांच्या प्रबंधाचा गाभा. म्हणून प्रत्येक प्रश्न विचारून ते डोळे मिटून गप्प बसत. धडा संपल्यावर तो पुन्हा ऐकायचा मात्र त्यांना धीर झाला नाही. स्वतःचा आवाज ऐकला की त्यांना वाटे, या माणसाला पीएच.डी. दिली कोणी?

वर्गात धडा सुरू झाला. "एका कलिंगडाचे चार समान भाग केले. त्यांतले तीन खाल्ले. किती उरलं?"

शांतता. आणि त्या शांततेत टॅबलेटमधूनच बायकोचा खणखणीत आवाज:

"म्हणजे तुम्हीच का! चारांतल्या तीन फोडी? अन् मला म्हणालात, थोडंसंच खाल्लं! पाऊण कलिंगड म्हणजे थोडंसं?"

वर्ग खदखदून हसला. प्राध्यापक बटण शोधायला धावले, पण बाईंनी हात आडवा घातला. "थांबा हो, ऐकू द्या!"

"आता उरलेला भाग दोघांत समान वाटला," टॅबलेटमधला आवाज शांतपणे म्हणाला. "प्रत्येकाला किती?"

"दोघांत? वा! पाऊण पोटात घालून उरलेल्या पावातही वाटा हवाय?"

"एक अष्टमांश!" शेवटच्या बाकावरून आरोळी आली. "पण त्यांना द्यायचा नाही!"

"मुळीच नाही!" सगळा वर्ग ओरडला.

नंतरच्या चाचणीत, कालपर्यंत ज्यांना पावापेक्षा अष्टमांश मोठा वाटायचा, त्यांचीही उत्तरं बरोबर आली. बाईंनी पेपर दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "सर, वर्षभर या. इतर वर्गही देते!"

प्राध्यापकांची मान कित्येक वर्षांनी ताठ झाली. विचाराला वेळ दिला की शिक्षण होतं, हे शेवटी सिद्ध झालं होतं! (त्या वेळात काय झालं, हा तपशिलाचा भाग.)

व्हरांड्यात एका चिमुरडीने त्यांची बाही ओढली.

"सर, त्या आजी कसल्या भारी शिकवतात!"

"हो का?" प्राध्यापक फुलले. आपलंही नाव आता निघणार, या आशेने ते खाली वाकले.

"हो. फक्त त्यांच्या मध्ये मध्ये ते कोण आजोबा बडबडतात ना, त्यांना पुढच्या वेळी बाहेर बसवाल?"