पँटवरची रेघ

बबननाना टेलर पँटचं माप घ्यायच्या आधी पोराला चप्पल काढायला लावायचे. मग खाली वाकून, बाजारात बैल बघावा तसा पायाचा पंजा निरखायचे. "पंजा वाढतोय अजून. चार बोटं सोडू." नाहीतर, "पंजा थांबला, आवाज फुटला. आता वर्ष-दोन वर्ष उंची. दोन बोटं बास."

हे बोटांचं प्रकरण सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आमच्या अवसरीत दरवर्षी नवी खाकी पँट शिवायची चैन कुणी करत नसे. म्हणून नाना पायाशी जादा कापड आत दुमडून ठेवायचे आणि पोरगं वाढलं की उसवून खाली घ्यायचे. जुन्या घडीची गडद रेघ तेवढी पँटवर राहायची. आमच्या दहावीच्या वर्गात तीन-तीन रेघांची पोरं मागच्या बाकावर मिशी कुरवाळत बसायची. माझ्या पँटवर एकही रेघ नव्हती.

नाना स्वतः उंचीनं माझ्याएवढेच. कापड बेतायला पाटावर उभे राहायचे. लग्न झालेलं नव्हतं. उंचीवरून कुणी बोललंच तर म्हणायचे, "कापड कमी लागतं राव, परवडतं."

गावातल्या आयांचा डॉक्टरपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा. "नाना, आमचं कवा वाढायचं?" असं विचारलं की नाना दातात सुई धरून सांगत, "अठरा-एकोणीसपर्यंत वाढत्यात पोरं. येखांदं एकविशीपर्यंत. बटाटा हाय का तीन म्हयन्यात काढायला?"

मला मात्र लई घाई होती. सगळ्यांचे आवाज फुटले, माझा अजून बालवाडीतलाच. कवायतीच्या रांगेत मी आठवीच्या पोरांच्याही पुढं. शेवटी दिवाळीनंतर मी घरी जाहीर केलं, आता शाळेत जाणार नाही. आईनं समजावलं, वडिलांनी बडवलं. मी ढिम्म. दहावीचं वर्ष, आणि मी कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत बसलेला.

एक दिवस आई माझी पँट घेऊन नानांकडं गेली, बटण तुटलंय म्हणून. दोन दिवसांनी पँट आली. घालून बघतो तर घोटे उघडे. आई म्हणाली, "अगं बाई, वाढलं की पोरगं."

मी पळतच नानांकडं. त्यांनी पंजा बघितला आणि गंभीरपणे मान हलवली. "म्हणलं न्हवतं?" पँट ठेवून घेतली, संध्याकाळी दिली. दोन बोटं खाली घेतलेली, वर झकास गडद रेघ. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना दिसावी म्हणून मी बाकाबाहेर पाय काढून बसलो. त्यानंतर परीक्षेपर्यंत एक दिवस शाळा चुकवली नाही.

परीक्षा संपल्यावर आईनं पँट पहिल्यांदाच सोड्यात उकळली. रेघ गेली. पोरांच्या रेघा दगडावर आपटूनही जात नव्हत्या आणि माझी पाण्यात विरघळली. मी दाराच्या चौकटीवर दसऱ्याला केलेली उंचीची खूण शोधून तिथं पुन्हा उंची मोजली. तेवढीच. मग डोक्यात उजेड पडला. बटण लावताना नानांनीच पँट दोन बोटं वर घेतली होती. आईला ठाऊक होतं का, ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. (मी पुढं अकरावीनंतर सपाट्यानं वाढलो, ते सोडा.)

तणतणत दुकानात गेलो. "नाना, तुमी फसवलं मला."

"फसवलं," नाना मशीन न थांबवता म्हणाले. "रंग कालवून काडीनं वढली रेघ. दोन तास गेले."

मला फार लाज वाटली आणि रडूही आलं. नानांनी मशीन थांबवलं.

"पेपर दिले का समदे?"

"दिले."

"मग झालं." ते जरा वेळ सुईत दोरा ओवत राहिले. दोरा काही जाईना. "मी आठवीत सोडली शाळा. ह्याच्याच पायी. म्हणलं, उंची आली की जाऊ परत. बावीस वर्साचा होईस्तवर वाट बघितली."