टिकलीची संत्रातुला

संत्र्याचं कॅरेट नुसतं डोळ्यानं पाहून वजन सांगणं शेंदूरजनाघाटात एकाच माणसाले जमते, अन् तो माणूस म्हणजे मी, दीक्षा! वय सतरा, शिक्षण दहावीच्या अर्ध्यापर्यंत. बाकीची अर्धी गणिताच्या सरासंग भांडण्यात गेली. माह्या अंदाजात चूक झालीच तं पाव किलोची होते, अन् तवा बी मले काट्यावरच संशय येते.

महादेवरावाच्या संत्र्याच्या शेडवर माही माय भागीरथा अन् मी छाटणी करतो. मोठा माल इकडं, बारका तिकडं. मले त्या कामाचा भल्ला कंटाळा. मले मापारी व्हायचं होतं. काट्यापाशी उभं राहून वजनाचा खणखणीत पुकारा करते ना, तो मापारी. त्यानं एकदा आकडा पुकारला का शेतकरी बी गप अन् व्यापारी बी गप. पण पोरगी मापारी कोणं पायली नव्हती. मी विचारलं का महादेवराव म्हणत, "पाहू." दोन वर्षांपासून ते पाहूनच राहिले होते.

तेवढ्यात आरती येणार म्हणून बातमी आली. आरती म्हणजे टीव्हीवरची टिकली! सात वर्षांची होती तवापासून मालिकेत. दोन वेण्या, लाल फ्रॉक, अन् रडाले लागली का घराघरातल्या बायकाइचे पदर ओले. टिकलीले ताप आला त्या दिवशी माह्या मायनं भात करपवला अन् वरून मलेच रागावली. आता तीच टिकली सिनेमात हिरोईन झाली, अमरावतीच्या चौकात तिचं पोस्टर दोन मजले उंच. अन् तिचं आजोळ आमचं गाव! मंग सत्कार तं पायजेच. शाल-नारळ कोणाले बी देतात. आमी ठरवली संत्रातुला. एका पारड्यात हिरोईन, दुसऱ्यात आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या तोडीची संत्री, अन् तुला झाल्यावर ती संत्री शाळेतल्या पोराइले वाटायची. कापूस मोजायचा जुना मोठा तराजू महादेवरावानं बाळापूरहून सोयऱ्याकडून आणला.

आता संत्री किती लागतील? बाईमाणसाले वजन विचारावं कोणं? दोन सभा झाल्या, दोन्हीत चहाच झाला. शेवटी मी पोस्टरसमोर उभी राहिली, एक डोळा बारीक केला अन् सांगतलं, "शेहेचाळीस."

कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारे किशोर सर हसले. महादेवराव मात्र म्हणाले, "तुला बराबर झाली तं पुढच्या बहाराले मापारी तू."

बस! शेहेचाळीस किलो संत्री मी एकेक करून फडक्यानं पुसली अन् टोपल्यात रचली. एक जास्त नाही, एक कमी नाही. पोस्टरवर माणसाले बारीक करतात हे मले कोणं सांगतलं होतं?

आरती आली तं मैदान गच्च भरलं. ती वीस-एकवीस वर्षांची, पण लोकाइच्या डोक्यात टिकलीच. म्हाताऱ्या तिचे गाल ओढून राहिल्या होत्या. एकीनं चॉकलेट दिलं. दुसरी म्हणे, एकदा रडून दाखव ना वं. ती हसत होती. तराजू पायला अन् तिचं हसणं थांबलं. तिनं महादेवरावाले हळूच विचारलं का नुसती संत्री वाटली तं चालणार नाही का. त्याइले वाटलं पोरगी लाजून राहिली. मी बाजूलेच होती. पारड्याची साखळी तिनं एवढी आवळून धरली होती का तिची बोटं पांढरी पडली. माही नजर तिखट हाय, मले दिसलं. पण माह्या डोक्यात मापारी घुसला होता.

ती बसली. पारडं खाली गेलं अन् खालीच राहिलं. माही शेहेचाळीस किलो संत्री वर लटकून राहिली, झुंबरासारखी!

किशोर सरानं माइकवरून सांगतलं का ज्याच्यापाशी संत्री असतील त्यानं आणून द्यावी. लोक पिशव्या घेऊन धावले. एका आजीनं फुलकोबी टाकली. कोणं सत्काराचा नारळ टाकला, कोणं सन्मानचिन्ह. तराजू हलाले तयार नाही. मंग सर माइकवरच म्हणाले का दीक्षाचा डोळा आज रजेवर दिसते. सारं मैदान हसलं, माही माय बी हसली.

माही सटकली! मी ओरडली का डोळा बराबर हाय, तराजू खोटा हाय. शेडवरून लाल आकड्याचा इलेक्ट्रॉनिक काटा उचलून स्टेजवर आणवला, मोठ्या बोर्डासकट. आरतीचा हात धरला, "ताई, दोन मिनिटं." ती माह्याकडं पाहत राहिली अन् काट्यावर चढली. एवढ्या लोकाइत नाही कसं म्हणेल? बोर्डावर आकडा थांबला, अन् दोन वर्षांपासून माह्या गळ्यात अडकलेला पुकारा सुटला, तो बी किशोर सराच्या माइकात:

"एकसष्ट किलो चारशेऽऽ!"

मंग मागून कोणं शिट्टी मारली अन् शंभर मोबाइल वर झाले. आरतीचा खालचा ओठ थरथरला. म्हाताऱ्या खुश! "पाय वं, तसंच रडते अजून!" त्याइनं टाळ्या वाजवल्या.

मायनं पाण्याचा गिलास देऊन मले शेडच्या ऑफिसात धाडलं. आरती एकटी बसली होती. पाणी घेतलं अन् सांगाले लागली, जसं दुसऱ्याच कोणाचं सांगून राहिली. मालिका चालू असताना दर सोमवारी तिले काट्यावर उभं करत. टिकली सात वर्षांचीच राहाले पायजे होती ना. आकडा वाढला का दुपारचा डबा बंद. तिची माय बाहेर बसलेली, तिले सांगत का पोरगी जेवली. असं चार वर्षं. मंग एका सोमवारी दुसरीच टिकली आली. त्या दिवसापासून आरती काट्यावर चढली नव्हती. आज चढली.

मले माफी मागायची होती. पण मले भांडता येते, माफीची सवय नाही. तोंडातून निघालं ते शेडवरचंच. "ताई, साडी अन् दागिने धरून होतं ते. आमी रिकाम्या कॅरेटचे दोन किलो वजनातून कापतो. तुमाले एकोणसाठ चारशे लावू?"

"नको कापू," ती म्हणाली. "आजवर साऱ्याइनं कापलंच."

जमीन दुभंगून मले पोटात घेईल तं बरं, असं वाटलं. पण शेडले सिमेंटचा कोबा हाय.

महादेवरावाले तं काहीच समजलं नाही. ते खुश! म्हणे, भर सभेत हिरोईनची बी भीड धरली नाही, असाच मापारी पायजे. काटा माह्या हाती आला. दोन वर्षं ज्याच्यासाठी तडफडली ते असं भेटलं, अन् मायनं वाटलेला पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

महिन्याभरानं तिचा नवा सिनेमा लागला. मी मायले घेऊन अमरावतीले पहिलाच शो गाठला, तिकिटाचे पैसे तरी तिच्या पदरात पडतील म्हणून. पडद्यावर आरती जिन्यावरून उतरली. काय दिसत होती! अन् मागच्या रांगेतून एक पोट्टा बोंबलला, "एकसष्ट किलो चारशेऽऽ!"

सारी टॉकीज हसली. माह्या डोक्यात रक्त चढलं. खुर्ची ओलांडून मी त्याची कॉलर धरली, गदागदा हलवला.

"लाज नाही वाटत? कोणं शिकवलं रे तुले हे?"

त्यानं मोबाइलचा उजेड माह्या तोंडावर मारला अन् नीट पायलं.

"ताई," तो म्हणाला, "रीलमधे तूच तं हाय."

मी त्याची कॉलर सोडली, हातानं सरळ केली, अन् जागेवर येऊन बसली. सिनेमा कसा होता ते मले विचारू नका. मी पूर्ण वेळ खाली पाहत होती.