लांजेवार गुरुजींची शेवटची तपासणी

लांजेवार गुरुजी फोनवरसुद्धा उभे राहतात. कुणाच्याही फोनवर नाही, साहेबाच्या. एकदा आमच्या कारधा गावातल्या सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना केंद्रप्रमुखांचा फोन आला आणि गुरुजी खुर्चीतून ताडकन उठले. वस्तरा जिथं होता तिथंच होता. त्या निष्ठेची खूण डाव्या गालावर अजून आहे आणि गुरुजी ती अभिमानानं दाखवतात.

ते आमच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक, मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक, आणि घरं शेजारी शेजारी. म्हणजे सुटका कुठूनच नव्हती. त्या काळात आम्ही पोरांना काय शिकवलं ते पोरंच जाणोत, पण तपासणीची तयारी मात्र चोख. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार, टेबलावर गुरुजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी भरलेला रुमाल आणि दुपारी काकूंच्याच हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे. गुरुजींचं ब्रह्मवाक्य एकच होतं.

"साहेब पयल्या पाच मिनटात ठरवून टाकते, रामटेके सर. बाकीचा टाइम जेवणाचा असते."

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. साहेब संपले, सवय उरली. मग ते बँकेच्या मॅनेजरसाठी उभे राहू लागले, आणि एकदा तर विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसासाठीही. तो बिचारा घाबरून एक पायरी मागे सरकला.

अशा या गृहस्थानं एकसष्टाव्या वर्षी जुनी पांढरी कार विकत घेतली. आयुष्यभर सायकल आणि नंतर काकूंना मागे बसवून स्कूटर, एवढाच अनुभव. कच्चं लायसन काढलं. मी विचारलं, "या वयात गाडी कायले जी?"

"लागते," गुरुजी म्हणाले. "धान कापायच्या आधी पक्कं लायसन पाहिजे. बस."

गुरुजींना शेती नाही. धानाशी यांचा संबंध ताटातला. पण पुढं विचारायची सोय नव्हती, कारण लगेच मला कामाला लावलं. माझं अक्षर चांगलं, हा माझा जुना गुन्हा. 'वाहन चाचणी' नावाची फाइल तयार झाली. अनुक्रमणिका, आधार कार्ड, चष्म्याचा नंबर, आणि शेवटी परिशिष्ट म्हणून त्यांचं आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र. मी म्हटलं, हे कशाला? "साहेबाले कल्पना आली पाहिजे," गुरुजी म्हणाले.

सरावासाठी त्यांनी शाळेच्या मैदानावर चुन्यानं इंग्रजी आठ आखला. खो-खोचं मैदान आखण्यात सगळी उमर गेलेली, त्यामुळे आठ असा देखणा आला की बघत राहावं. मी म्हटलं, "घ्या आता गाडी यावरून."

"यावरून?" गुरुजी हबकले. "पुसून जाईन नं सर! दोन घमेले चुना लागला."

म्हणून गाडी आठाच्या बाजूनं फिरली. त्यातला बराच वेळ स्वागताच्या तालमीत गेला. मी साहेब व्हायचं, डावीकडचं दार उघडायचं, आणि गुरुजींनी म्हणायचं, "नमस्कार साहेब, वाहन चाचणीस सज्ज आहे." सात वेळा तालीम झाली. रिव्हर्स एकदा, तेही चुकून.

चाचणीच्या सकाळी गाडी पाहिली आणि मला आमची शाळाच आठवली. चाकांना गेरू, त्याभोवती चुन्याची गोल रेघ. डॅशबोर्डवर तोच भरतकामाचा रुमाल. मागच्या काचेत पाटी, आजचा सुविचार: अति घाई संकटात नेई. काकू पोह्यांचा डबा घेऊन गुडघ्यावर हात टेकत टेकत बाहेर आल्या. "गाडीत कोनता साहेब पोहे खाते जी?" त्या म्हणाल्या. गुरुजींनी डबा रुमालावर मांडला. "पट्टा तं लावा," काकू म्हणाल्या. गुरुजींनी मान हलवली. साहेबापुढं बांधून घेऊन बसणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

भंडाऱ्याच्या आरटीओच्या मैदानाला थोडा उतार आहे. आमचा नंबर आला. साहेब म्हणजे अठ्ठावीस-तीस वर्षांचा शांत मुलगा. तो डावीकडून आत बसला आणि त्यानं दार लावलं.

साहेब आले होते. लांजेवार गुरुजींनी चौतीस वर्षं जे केलं तेच केलं. दार उघडून बाहेर आले, सावधान उभे राहिले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार साहेब, वाहन चाचणीस सज्ज आहे!"

वाहन सज्ज होतंच. ते निघालं. हॅन्डब्रेक ओढायचा असतो हे गुरुजींच्या तालमीत बसलेलं नव्हतं. साहेब एकटेच त्या उतारावरून गंभीर चेहऱ्यानं पुढं जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिले. पंधरा-वीस पावलांवर त्यांनी स्वतःच हॅन्डब्रेक ओढला. पोह्यांचा डबा तोवर त्यांच्या मांडीवर उपडा झाला होता.

"काका," साहेब शर्टावरची कोथिंबीर झटकत म्हणाले, "गाडीत ड्रायव्हर असावा लागतो. पुढच्या आठवड्यात या."

लायनीतली माणसं पोट धरून हसत होती. खोटं कशाला बोलू, मीही होतो त्यात.

परतताना गाडी मी चालवत होतो. वैनगंगेचा पूल आला. कच्च्या लायसनचे पंधरा दिवस उरले होते, म्हणजे आता एकच संधी. मला अजून चेष्टेचा चेव होता. म्हटलं, "एवढं काय अडलं गुरुजी? ड्रायव्हर ठेवा एखादा. साहेबाले पोहे वाढायले तुम्ही मोकळे!"

गुरुजी नदीकडं पाहत म्हणाले, "तुमाले ते तपासणी आठवते? ज्या सालच्या तपासणीत साहेबानं पाच वडे खाल्ले?"

आठवत होती.

"त्या दिवशी सकाळीच हिच्या माहेरून फोन आला होता. साकोलीकडून. बाप लय सिरियस, निघून ये म्हने. मी हिले म्हनलो, साहेब जेवून जाऊ दे, मंग जा. काहीच नाही बोलली जी. वडे तळले. वाढले. चारची बस भेटली तिले. पोचली तं बाप नोता."

मी गाडी कडेला घेतली.

"साहेबानं शेरा काय लेहला माहीत आहे? भोजन व्यवस्था उत्तम." गुरुजींनी चष्मा काढला. "आता सासू आहे, नव्वदीची. अंथरुणावर. म्हनते, नवा तांदूळ खाऊन जाईन. हिच्या गुडघ्यानं बसची पायरी चढवत नाई. ड्रायव्हरले फोन करा, तो येईन तवा येईन. मले तसं नाई पाहिजे सर. हिनं म्हनलं चला, का त्याच मिनटाले निघाले पाहिजे."

त्या दिवशी वडे मीही खाल्ले होते. तीन. चौथा मागितल्याचंही आठवतं. मला माझी शरम वाटली, आणि ती पुलावरच्या वाऱ्यानं गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गुरुजींचा हेडमास्तर झालो. पहिल्याच फेरीत त्यांचा तो देखणा आठ त्यांनाच पुसायला लावला. आठवडाभर मी साहेब होऊन गाडीत चढत होतो आणि गुरुजींनी फक्त बसून राहायचं होतं. हे त्यांना आठ काढण्याहून जड गेलं. शेवटी काकूंचाच उपाय चालला.

दुसऱ्या चाचणीला फाइल नव्हती, सुविचार नव्हता. चाकाला थोडा गेरू राहिला होता, तो निघतच नव्हता. साहेब आत बसले, गुरुजी सवयीनं उसळले, आणि पट्ट्यानं त्यांना गच्च धरून जागेवर बसवलं.

"पट्टा लावलात, छान," साहेब म्हणाले. पुढं सगळं नीट झालं. साहेबांनी आज मांडीवर रुमाल अंथरून घेतला होता, एवढं मी पाहिलं.

लायसन पोस्टानं आलं, त्याच सकाळी गुरुजींनी गाडी फाटकाशी लावली. शेतांत धान अजून उभं होतं. काकू काठी टेकत आल्या, हातात डबा. मी माझ्या कुंपणाशी होतो, विचारलं, "काय नेऊन राहिल्या काकू?"

"वडे जी. मायसाठी."

मला एकही दिला नाही, ते बरंच झालं.

तेवढ्यात गुरुजी पट्टा सोडून उतरले, गाडीला वळसा घालून आले, डावीकडचं दार उघडलं आणि दाराशी ताठ उभे राहिले. सावधान.

"काहून उभे राहिले जी?" काकू म्हणाल्या. "बसा ना."

"साहेब आले का उभं राहा लागते."

काकू त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग पदर डोळ्यांना लावला आणि विचारलं, "हॅन्डब्रेक ओढला का?"

"ओढला."

काकू पुढच्या सीटवर नीट बसल्या, डबा मांडीवर घेतला, आणि मगच गुरुजी जागचे हलले.