सगुणाऊचें अभयपत्र आणि कुत्र्याची साक्ष

श्रीगजानन प्रसन्न. वाचणाराचें कल्याण असो, लिहिणाराचें नांव कोणी पुसूं नये. शके १६७२ प्रमोदनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, नदीकांठच्या एका राज्यांत वर्तमान जाहलें तें ऐसें जे: त्या राज्यांत संत्र्यांच्या बागा उदंड, आणि तोडणीस घरचें माणूस मिळेना, सबब पैलतीरींचे गोरगरीब दस्तकावांचून, म्हणजे सरकारी परवान्यावांचून, नदी उतरून येत आणि बागांत राबत. सरकारास हें ठाऊक होतें, आणि सरकारानें डोळेझांक केली होती. मग त्या सालीं महाराज सदरेस बसले आणि दवंडी पिटविली कीं, "पांच वर्षें बागेंत काम केलें ऐसें जो शाबीत करील, त्यास अभयपत्र देऊन रयत करूं, न करील त्यास तोडणी आटोपतांच पैलतीरीं घालवूं." तोडणी आटोपतांच कां, आधीं कां नव्हे, हें कोणी पुसिलें नाहीं. आमचे मनांत तेव्हांच पाल चुकचुकली.

मग सगुणाऊ म्हणोन एक बाई, रायाजी मोकाशी यांचे बागेंत सात वर्षें राबलेली, पहिली पुढें जाहली. तिचा दादला त्याच बागेच्या बांधावर मातीआड जाहला होता आणि तीस त्याला टाकून जाणें नव्हतें. मागें तीनशें माणूस रांगेंत उभें राहिलें आणि हिचें काय होतें तें पाहूं लागलें. चौकशीस नेमिलेले सरकारी अंमलदार अमीनसाहेब, त्यांनीं मोकाशियांस साक्षीस बोलाविलें. आतां बिनदस्तकी माणूस ठेवणें हाही गुन्हा, सबब मोकाशी छातीवर हात ठेवोन वदले, "हे बाई आम्हीं जन्मांत पाहिली नाहीं."

"धनी, देवाची तरी लाज धरा! काल माझ्याच हातची भाकर खाल्लीसा न्हवं?" सगुणाऊ बोलली. मोकाशी आढ्याकडे पाहूं लागले. मग ती अमीनास म्हणाली, "सायेब, ह्येंच्या भुंग्याला इचारा. कुत्रं खोटं बोलायचं न्हाई."

मग अमीनसाहेब लवाजम्यानिशीं बागेंत पावले, आणि भुंग्यानें शिपायाचें धोतर फाडिलें, आणि अमीनसाहेब संत्र्याचे झाडावर चढते जाहले. इतक्यांत सगुणाऊ आली आणि तें कुत्रें तिचे पायांवर लोळोन रडूं लागलें. अमीनसाहेब झाडावरूनच निवाडा बोलिले, "बाई सात वर्षें येथें होती, हें शाबीत." सगुणाऊनें हात जोडिले, तों अमीनसाहेब पुढें वदले, "म्हणजे सात वर्षें दस्तकावांचून राहिली, हेंही शाबीत. गुन्हेगारास अभयपत्र नाहीं."

हें रांगेंत कळलें आणि मग ज्यास पुसावें तो म्हणे, "आमी कालच आलो, सायेब." दफ्तरीं तैसेंच लिहिलें. तोडणी पुरी जाहली आणि अवघ्यांस होड्यांत घातलें. सगुणाऊनें बांधावरची मूठभर माती पदरीं बांधिली होती. चौकीदारास संशय आला आणि त्यानें ती चाळून पाहिली. तिची होडी सुटली आणि भुंग्यानें नदींत उडी घेतली आणि तो पोहत तिचे मागें गेला. आम्हांस तेव्हां रडूं आलें, खोटें कशास लिहावें?

मग आठां दिवसांत दरबारचा खलिता पैलतीरीं रवाना जाहला कीं, कुत्रा गळ्यांत सरकारी बिल्ला असलेला, आमची रयत आहे, सन्मानें परत पाठवावा.

तात्पर्य, त्या राज्यांत पांच वर्षें राबलेलें माणूस दफ्तरीं एकही निघालें नाहीं. पुढले सालीं संत्रीं झाडांखालीं कुजलीं. खलित्यांत बाईचें नांव नव्हतें. इति.