तोफेचं तोंड कुणाच्या घराकडं

निवृत्त हवालदार बब्रुवान यानं फौजेत चोवीस वर्षं रणगाडा चालवला आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षं तो जेवताना चालवला. ताट वाढलं की गोष्ट सुरू. त्यातही राजस्थानच्या वाळूतली, तोफ फिरून चालकाच्या झाकणावर आली आणि तो बिचारा अर्धा दिवस आत उकडत बसला, ती तर आठवड्यातून दोनदा ठरलेली. बायको दैवशाला भाकरी थापत राही, हूं की चूं करत नसे. भिंतीनं तरी हुंकार भरला असता, असं बब्रुवान चारचौघांत बोलून दाखवी.

अशात येरमाळ्याजवळच्या त्याच्या गावाला एक जुना रणगाडा मिळाला. इंजिन काढलेलं, वरची झाकणं वेल्डिंगनं बंद, फक्त चालकाचं झाकण तेवढं उघडं. शाळेपुढच्या चौथऱ्यावर तो बसवला आणि अनावरणाचा मान बब्रुवानला दिला. उभ्या जन्मात मिळालेला हा पहिलाच मान. कार्यक्रम अकराला, गडी सातलाच पदकं लावून हजर. चौथऱ्यावर कुणी नव्हतं. जुनी जागा बघून त्याला राहवेना. तो आत उतरला, सवयीनं झाकण ओढून घेतलं आणि त्या गार लोखंडात त्याचा डोळा लागला.

दहाला गाव जमलं. वेल्डर योगीराज मशीन घेऊन आला होता. दिशा ठरली की तोफही कायमची पक्की करायची होती. तोंड नेमकं येडेश्वरीच्या डोंगराकडं होतं. देवीवर तोफ रोखणं कुणाला पटेना. दहा जणांनी ढकलून ती शाळेकडं वळवली, तर गुरुजी बिघडले. सरपंच अमरसिंहांच्या माडीवर आली, तर त्यांनी वास्तुशांत नुकतीच झाल्याची आठवण करून दिली. मग आणखी थोडी डावीकडं सरकवली. समोर बब्रुवानचं घर आलं आणि कुणीच हरकत घेतली नाही, कारण बब्रुवान तिथं दिसत नव्हता. ठराव एकमतानं झाला.

बब्रुवान जागा झाला आणि झाकण उचलायला गेला. ते बोटभर उचललं आणि तोफेच्या नळीला अडलं. त्यानं लोखंड बडवून काढलं, पण बाहेर हलगी कडाडत होती. समोरच्या काचेतून त्याला फक्त स्वतःच्या घराचं दार दिसत होतं. हलगी थांबली, पण तेवढ्यात कुणीतरी माइक सुरू केला.

"फौजी असून येळंवर न्हाय," सरपंच माइकवर सांगत होते. "योगीराज, लाव मशीन."

बब्रुवाननं पुन्हा झाकणाला खांदा लावला. मान तर गेलाच होता, आता जन्मभर इथंच बसायची पाळी आली होती.

तेवढ्यात दारात दैवशाला आली. नवं लुगडं नेसून ती कार्यक्रमालाच निघाली होती. तिनं नळीकडं बघितलं, नळीखालच्या हलणाऱ्या झाकणाकडं बघितलं आणि तरातरा चौथरा गाठला.

"मशीन खाली ठिव," ती योगीराजला म्हणाली. "तोफ उजवीकडं सरकवा. ह्ये आत हायेत."

"तुमाला कसं ठावं, वयनी?" सरपंचांनी विचारलं.

"नळी झाकणावर आली की डायवर अडकतोय. राजस्थानात बी असंच झालतं."

तोफ सरकली. बब्रुवान घामाघूम वर आला आणि त्यानं कडक सलाम ठोकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नळी आता सरपंचांच्या माडीवर होती. ते घाईघाईनं पुन्हा डावीकडं म्हणू लागले, पण ढकलणारे दहाही जण दमून दुखरे हात चोळत बसले होते.

"आता लाव मशीन," दैवशाला योगीराजला म्हणाली.

त्या दिवशी ताट वाढलं, तेव्हा बब्रुवाननं गोष्टीऐवजी प्रश्न काढला.

"म्हंजे तू समदं ऐकत व्हतीस?"

"व्हय."

"मग अकरा वरसं नुसतं हूं तरी म्हणायचं."

"हूं म्हणलं असतं," भाकरी उलटत दैवशाला म्हणाली, "तर तुमी दुसरी सुरू केली असती."